दिनविशेषातील तारखांबरोबर त्यांचे पंचांगही छापावे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर रोज येणारे 'दिनविशेष' हे सदर मी गेली चाळीसएक वर्षे वाचत आलो आहे. सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत असताना दर्शनी फळ्यावर रोज सकाळी दिनविशेष लिहिण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते, आणि खरे सांगायचे तर त्यातला बराचसा मजकूर आपल्याच सदरातून, घंटा होण्याआधी घाईघाईने, मी फळ्यावर उतरवीत असे. त्यामुळे पुढे ज्या चुकांविषयी लिहिणार आहे, त्यांतल्या काही मीही मुलांपुढे पांढऱ्या खडूने ठळक अक्षरांत लिहिलेल्या आहेत, हे आधीच कबूल करतो.

निमित्त झाले ते गेल्या १४ जानेवारीच्या अंकाचे. पानिपतच्या तिसऱ्या युद्धाची नोंद त्यात होती आणि तारीख अगदी बरोबर होती : १४ जानेवारी १७६१. त्या दिवशी बुधवार होता आणि मिती होती पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. पण नोंदीच्या शेवटी, ऐन मकरसंक्रांतीच्या दिवशीच मराठी फौजेवर ही संक्रांत कोसळली, अशा अर्थाचे एक वाक्य जोडलेले होते. हे वाक्य आपण एकट्यानेच छापले आहे असे नाही. व्याख्यानांतून आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांतून ते मी अनेकदा ऐकले आहे. गंमत अशी की त्याच सदरात दोनच दिवस आधी स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी मकरसंक्रांतीला झाल्याची नोंद होती, आणि ती खरी आहे. मग १८६३ साली १२ तारखेला असलेली संक्रांत त्याआधी शंभर वर्षे १४ तारखेला कशी असेल? आपल्या पंचांगातील संक्रांत ही निरयन गणनेने, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या आधाराने, ठरते आणि इंग्रजी तारखांच्या मानाने ती साधारण साठ-सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते, विवेकानंदांच्या जन्मसाली ती १२ ला होती, तर पानिपतच्या वर्षी ती १० तारखेच्या आसपास होऊन गेलेली होती. म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब पडले त्या दिवशी तिळगुळाचा सण उलटून तीन-चार दिवस झाले होते. आजच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात १४ जानेवारीच्या चौकोनात 'मकरसंक्रांत' आणि 'पानिपत' हे दोन्ही एकत्र दिसतात, एवढाच काय तो त्यांचा संबंध. 'संक्रांत कोसळणे' हा आपला वाक्प्रचार फार बोलका आहे. पण वाक्प्रचार हा काही तारखेचा पुरावा होत नाही.

अशी चूक का होते याचा उलगडा मला एका नववीतल्या मुलाने करून दिला. शिवजयंतीच्या दिवशी मी फळ्यावर लिहिले होते : '१९ फेब्रुवारी १६३०, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार. शिवनेरीवर शिवरायांचा जन्म.' मधल्या सुट्टीत हा मुलगा शिक्षकखोलीच्या दाराशी आला आणि म्हणाला, "सर, शुक्रवार नाही, मंगळवार आहे. घरी मोबाइलमध्ये बघितलं." मी त्याला म्हटले, "उद्या सांगतो." उत्तर मला येत नव्हते, हे त्यालाही कळले असावे. मी संध्याकाळी स्वतः १६३० सालापर्यंत मागे जाऊन पाहिले, तर खरोखरच मंगळवार दिसत होता. इकडे जेधे शकावली, म्हणजे शिवकाळातील घटनांची शकवार नोंद, सांगते शुक्रवार. नुसता वारच नव्हे, तर हस्त नक्षत्र, घटिका आणि पळे यांच्यासह ती नोंद आहे. एवढी बारकाईची नोंद वारात चुकेल हे मनाला पटेना, आणि मोबाइल तरी गणितात कसा चुकेल?

दोघेही चुकलेले नव्हते. फरक होता तो पंचांगाचा. आज आपण वापरतो ते ग्रेगोरियन पंचांग १५८२ साली पोप तेरावा ग्रेगरी याने सुरू केले. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. स्पेन आणि पोर्तुगाल या कॅथलिक देशांनी ते लगेच स्वीकारले. इंग्लंडने मात्र पोपचे म्हणून ते जवळजवळ पावणेदोनशे वर्षे नाकारले आणि १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर मोजून एकदाचे अंगीकारले. तोपर्यंत इंग्रज जुनेच ज्युलियन पंचांग चालवीत होते, आणि शिवकाळात ते नव्या पंचांगाच्या दहा दिवस मागे होते. आपल्या इतिहासकारांनी शिवकालीन मित्यांच्या ज्या तारखा रूढ केल्या, त्या सुरत-मुंबईच्या इंग्रजी कागदांशी जुळाव्यात म्हणून या जुन्या पंचांगानेच दिल्या. मोबाइलला यातले काही ठाऊक नाही. तो आजचेच पंचांग डोळे मिटून मागे लांबवतो. १९ फेब्रुवारी १६३० ही जुनी तारीख नव्या हिशेबाने १ मार्च १६३० होते. त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी १ मार्च काढून बघायला सांगितले. मधल्या सुट्टीची वाट न पाहता तो पहिल्याच तासाला उभा राहून म्हणाला, "शुक्रवार आहे, सर."

याच ओघात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्या काळच्या इंग्लंडमध्ये सरकारी वर्ष २५ मार्चला बदलत असे. म्हणजे शिवनेरीवर पाळणा हलला तेव्हा सुरतेच्या वखारीतला इंग्रज कारकून आपल्या वहीत अजून १६२९ सालच लिहीत होता. मूळ इंग्रजी कागदांवरून तारीख उचलणाऱ्याने जानेवारी ते मार्च या महिन्यांच्या नोंदी दोनदा तपासल्या नाहीत, तर तो एका वर्षाने चुकतो.

यावरून कोणी शिवजयंती १ मार्चला हलवावी असे माझे म्हणणे मुळीच नाही. पूर्वी बखरींच्या आधाराने जन्मवर्ष १६२७ मानले जात होते. लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली १९१६ साली प्रसिद्ध केली आणि पुढे परमानंदाच्या शिवभारतातूनही तीच मिती समोर आली, तेव्हा कुठे शके १५५१ वर एकमत होऊ लागले. इतक्या खटाटोपानंतर राज्य शासनाने मान्य केलेली तारीख पुन्हा उकरून काढण्यात अर्थ नाही. शिवाय जयंती तिथीने करावी की तारखेने, या वादात पडण्याची माझी इच्छा नाही. दोन्ही दिवशी गडावर माणूस जातो, यात कोणाचे काय बिघडते? माझे म्हणणे एवढेच आहे की १९ फेब्रुवारीपुढे 'जुने पंचांग' असे दोन शब्द छापले, तर पुढच्या वर्गातल्या पुढच्या मुलाला शिक्षकखोलीच्या दाराशी यावे लागणार नाही.

पंचांगाच्या फरकापेक्षाही दिवस नेमका कोठे सुरू होतो हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे राज्याभिषेक. आपण दरवर्षी ६ जून १६७४ ही तारीख आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी ही तिथी छापता. जेधे शकावलीत मात्र ज्येष्ठ शुद्ध द्वादशी आणि शुक्रवार अशी नोंद आहे. ६ जूनला, जुन्या पंचांगाने मोजले तर, शनिवार येतो. एका वाचकाने काही वर्षांपूर्वी याच पानावर पत्र लिहून यातले एक कोणते तरी खोटे असले पाहिजे, असा निष्कर्ष काढला होता. वास्तविक यातले काहीच खोटे नाही. शकावली पुढे सांगते की तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले. तीन घटका म्हणजे बहात्तर मिनिटे. सूर्योदयाला सव्वा तास असताना. इंग्रजी हिशेबाने मध्यरात्रीच तारीख पालटून शनिवार, ६ जून लागला होता. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो, म्हणून रायगडावर त्या क्षणी शुक्रवारच होता. शुक्रवारी सूर्योदयाला द्वादशी होती म्हणून तो दिवस द्वादशीचा. पण द्वादशी दुपारीच संपून त्रयोदशी लागलेली होती, म्हणून प्रत्यक्ष अभिषेकाची घटका त्रयोदशीची. एकाच क्षणाला चार वेगवेगळी लेबले लागली आहेत आणि चारही बरोबर आहेत. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन त्या वेळी गडावर हजर होता. त्याच्या मनात शनिवार होता आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मराठी सरदाराच्या मनात शुक्रवार. हे चित्र मला नेहमी फार आवडत आले आहे. नोंदीत जागा कमी असते हे मान्य. तरीही 'पहाटे, सूर्योदयापूर्वी' एवढे जरी छापले, तरी तिथी आणि वार यांचे भांडण मिटते.

हा केवळ शिवकाळापुरता प्रश्न आहे असे समजू नये. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमचे गाव कोयनानगरपासून फार दूर नव्हते. मांडणीवरची पितळी भांडी एकामागून एक खाली आली, त्या आवाजाने मी जागा झालो. वडिलांनी आम्हा भावंडांना घोंगडीसकट उचलून अंगणात आणले आणि उजाडेपर्यंत आम्ही तिथेच थंडीत बसून राहिलो. ती तारीख मला कोणी सांगावी लागत नाही. पण दोन वर्षांपूर्वी आपल्या सदरात हाच भूकंप १० डिसेंबरला छापला गेला. पत्र लिहायला घेतले आणि मग लक्षात आले की ही छपाईची चूक नसून कोणीतरी परदेशी यादीवरून नोंद उतरवली आहे. भूकंपशास्त्राच्या जागतिक याद्या ग्रिनिचच्या वेळेने असतात. आपले चार एकवीस म्हणजे तिकडचे आदल्या रात्रीचे दहा एक्कावन्न, म्हणून त्या यादीत १० डिसेंबर.

किल्लारीचेही तसेच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. जागतिक यादीत २९ सप्टेंबर. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे माळवदाच्या घरांच्या दगड-मातीखाली गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव नुकते झोपले होते. त्या भागातला वडीलधारा माणूस आजही 'चतुर्दशीच्या रात्री' असेच म्हणतो, आणि सूर्योदयापासून दिवस मोजणाऱ्या आपल्या रीतीने त्याचे म्हणणे काटेकोर बरोबर आहे. अशा वेळी दिनविशेषात ३० सप्टेंबरच छापले पाहिजे यात शंका नाही. पण बाजूला 'अनंत चतुर्दशीची रात्र उलटल्यावर पहाटे' असे आले, तर ती नोंद तिथल्या माणसाला आपली वाटेल.

पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्या कागदांमधला फरक कोकणच्या आणि वसईच्या इतिहासात वारंवार आडवा येतो. गोवा आणि वसई इथे पोर्तुगीजांचे नवे पंचांग, मुंबईला इंग्रजांचे जुने. मधे एक खाडी आणि तारखेत दहा दिवसांचे, १७०० नंतर अकरा दिवसांचे अंतर. चिमाजी अप्पांपुढे वसई शरण आली ती तारीख काही ठिकाणी १६ मे १७३९ अशी, तर काही ठिकाणी ५ मे अशी वाचायला मिळते. वजाबाकी केली की कोडे सुटते. आपल्या सदरात मात्र काही वर्षे ५ मे आणि काही वर्षे १६ मे अशा दोन्ही दिवशी वसई घेतली गेली आहे. एकदा तर एकाच वर्षी दोनदा घेतली गेली, त्याचे कात्रण माझ्याकडे आहे.

युरोपातही हाच घोळ आहे, याचे उदाहरण आपण दर २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिनाच्या निमित्ताने छापता. शेक्सपिअर आणि सर्व्हांतेस यांचे निधन एकाच दिवशी, २३ एप्रिल १६१६ ला झाले, असे आपण लिहिता. स्पेनमध्ये तेव्हा नवे पंचांग होते आणि इंग्लंडमध्ये जुने, त्यामुळे शेक्सपिअर प्रत्यक्षात दहा दिवसांनी गेला. त्यातही सर्व्हांतेसचे निधन २२ तारखेचे आणि २३ तारीख दफनाची. योगायोग म्हणून ती गोष्ट कितीही गोड असली, तरी ती गोष्टच आहे.

एकोणिसाव्या शतकात आल्यावर पंचांगाची अडचण संपते. ६ जानेवारी १८३२ चा 'दर्पण', १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर ते ठाणे आगगाडी, ४ जानेवारी १८८१ चा 'केसरी' या तारखांबद्दल भांडायला जागा नाही. इथे चूक होते ती वेगळ्याच कारणाने. २२ जून १८९७ ला 'चापेकर बंधूंनी रँडचा वध केला' असे दरवर्षी येते. राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाची ती रात्र होती. गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या हे खरे. पण त्या रात्री जागीच मेला तो लेफ्टनंट आयर्स्ट. रँड जखमी होऊन पुढे अकरा दिवस जगला आणि ३ जुलैला मेला. हल्ल्याची तारीख आणि मृत्यूची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ३ जुलैच्या रकान्यात रँडचे नाव मी आजवर एकदाही पाहिलेले नाही. 'वध केला'ऐवजी 'गोळ्या झाडल्या' इतका एकच शब्दप्रयोग बदलला की काम भागते.

'पुण्यतिथी' या शब्दाचीही एकदा दखल घ्यावी. टिळकांची पुण्यतिथी १ ऑगस्टला, असे आपण लिहितो. शब्दात तिथी आणि हिशेबात तारीख. रूढी झाली आहे, त्याला इलाज नाही. पण देहूला बीज तारखेने होत नाही, ती फाल्गुन वद्य द्वितीयेलाच होते, आणि तसेच सज्जनगडावर दासनवमीचे. या दिवसांची इंग्रजी तारीख दरवर्षी हलत असल्यामुळे आपल्या सदराच्या ठरलेल्या फाइलमध्ये त्यांना जागा मिळत नाही, आणि मग ज्या दिवशी लाखभर माणूस इंद्रायणीच्या काठी उभा असतो, त्या दिवशी आपल्या रकान्यात कुठल्या तरी विमान कंपनीची स्थापना असते. विमान कंपनीचा मला राग नाही. पण आपल्याच पहिल्या पानावर, दैनिकाच्या नावाखालच्या ओळीत, रोज शके, मास आणि तिथी छापलेली असते. ती ओळ लावणाऱ्याने आतल्या पानाच्या संपादकाला एक हाक मारली, तर हे सहज जमण्यासारखे आहे.

मला माहीत आहे की हे सदर कोणीतरी कनिष्ठ उपसंपादक रात्रीच्या पाळीत, इतर चार पाने लावता लावता, तयार यादीवरून उतरवत असतो. त्याच्यावर माझा रोख नाही. रोख आहे तो त्या यादीवर, जी वर्षानुवर्षे एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत जशीच्या तशी जात आली आहे. ती यादी एकदा जंत्री हाताशी घेऊन तपासून घ्यावी. १७५२ पूर्वीच्या प्रत्येक तारखेपुढे ती जुन्या की नव्या पंचांगाची आहे, हे कंसात एखाद्या अक्षराने दाखवावे. मराठी कागदांत मिती उपलब्ध असेल तिथे तीही द्यावी. आणि पहाटेच्या घटनांना 'पहाटे' असे लिहावे. जागेचाच प्रश्न असेल तर रोजच्या आठ नोंदींऐवजी पाच छापल्या तरी चालतील. या कामात काही मदत लागली, तर माझ्याकडे कात्रणांच्या सात वह्या आहेत, आणि निवृत्त माणसाला वेळेची वाण नसते.

हे आताच लिहिण्याचे कारण असे की शिवरायांच्या जन्माला २०३० साली चारशे वर्षे पूर्ण होतील आणि त्या वर्षी आपण मोठी पुरवणी काढाल, हे उघड आहे. ग्रेगोरियन पंचांगातले वार बरोबर चारशे वर्षांनी जसेच्या तसे पुन्हा येतात. त्यामुळे १९ फेब्रुवारी २०३० ला मंगळवार असेल, अगदी त्या मुलाच्या मोबाइलने १६३० साठी दाखवला होता तसाच, आणि १ मार्च २०३० ला शुक्रवार असेल. त्या पुरवणीत 'चारशे वर्षांपूर्वीच्या अशाच एका मंगळवारी' असे वाक्य येऊ नये, एवढ्याचसाठी हे पत्र चार वर्षे आधी पाठवत आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला एक जुना वाचक,
(निवृत्त इतिहास शिक्षक)
जि. सातारा